जुन्या गाडीचे दुर्मिळ भाग घडवून देणारी कार्यशाळा : लेथकाम उत्तम, ओतकाम कच्चे

१९५० च्या दशकातील ब्रिटिश गाडीच्या मालकाला इंजिनापेक्षा जास्त छळतात ते बिजागरीची पिन, बॉनेटचा खटका, शॅकलचे (स्प्रिंग गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट असे वरवर किरकोळ दिसणारे भाग. बाजारात न मिळणारे हे भाग नमुन्यावरून घडवून देणाऱ्या एका लहान कार्यशाळेकडे मी काम सोपवले होते.

लेथ सुरू होण्यापूर्वी येथे जे मोजमाप होते, त्याला तोड नाही. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली आट्यांची सामाईक मापे मान्य केली, तरी जुनी मापे लगेच हद्दपार झाली नाहीत. त्यामुळे या काळातील एकाच गाडीत व्हिटवर्थ व बीएसएफ (जुनी ब्रिटिश मापे, अनुक्रमे जाड व बारीक आट्यांची) आणि यूएनएफ (नव्या सामाईक मापातले बारीक आटे) असे तिन्ही प्रकारचे आटे सापडू शकतात. पाव इंची बीएसएफ बोल्टाला इंचामागे २६ आटे असतात, तर यूएनएफला २८. हा फरक निदान मोजता तरी येतो. खरी गफलत होते ती तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी (सामाईक मापातले जाड आटे) यांच्यात, कारण दोघांचेही आटे इंचामागे १६ च असतात, मात्र आट्याचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश. येथील कारागिराने माझा बोल्ट घासून स्वच्छ केला, नट जिथे कधी पोहोचलाच नव्हता तो न झिजलेला भाग शोधला आणि त्यावर गेज (आटे तपासायची दातेरी पट्टी) टेकवून, उजेडाकडे धरून, फटीतून प्रकाश दिसतो का ते पाहिले. मापाचा निर्णय त्यानंतरच झाला.

धातूच्या निवडीतही तेच तारतम्य दिसले. गंज नको म्हणून अनेकजण सर्वत्र स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरतात. परंतु नेहमीच्या ए२-७० स्टेनलेस बोल्टाची किमान ताणसहनशीलता ७००, तर ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टाची ८०० मेगापास्कल असते, शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांत घट्ट रुतून बसतात ते वेगळेच. स्प्रिंगसारख्या भार घेणाऱ्या जागी त्यांनी मिश्रपोलादच वापरले. जस्ताचा विद्युत मुलामा दिल्यानंतर असे कठीण बोल्ट सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून धातूत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढावा लागतो, अन्यथा वरून धडधाकट दिसणारा बोल्ट भाराखाली अचानक तुटू शकतो. ही पायरी त्यांच्या कामाच्या नोंदीत न विचारता लिहिलेली होती, आणि माझ्या मते याच एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

ओतकामाबाबत मात्र इतकी प्रशंसा करता येत नाही. दाराची पितळी मूठ ओतताना त्यांनी जुनी मूठच थेट पॅटर्न (साच्याचा ठसा उमटवणारा नमुना) म्हणून वाळूत दाबली. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसते, म्हणजे १२० मिलिमीटरची मूठ जवळपास दोन मिलिमीटर आखूड होणार, हे उघड आहे. आणि तशी ती झालीही. स्क्रूची भोके पत्र्यावरील भोकांशी जुळेनात. त्यांनी कुरकुर न करता ती पुन्हा ओतून दिली, पण क्रोमखालची घासाई घाईत उरकलेली असल्याने कानशीचे ओरखडे मुलाम्यातूनही दिसतात.

पिना, बुश (पिनेभोवतीच्या नळ्या), बोल्ट आणि खटके यांसाठी ही कार्यशाळा निःसंशय निवडावी आणि तयार भागासोबत मापांचे रेखाचित्रही मागून घ्यावे, कारण ते आपणहून देत नाहीत. मुठी व शोभेचे ओतीव भाग द्यायचे असतील, तर आकसण्याइतकी वाढ धरून वेगळा पॅटर्न बनवणार का, हे आगाऊ लेखी ठरवून घ्यावे.