गांजा सोडण्यासाठी घेतलेलं ऑनलाइन समुपदेशन : दहा बैठकांचा माझा अनुभव

मी सांगलीचा, वय 27. मार्केट यार्डात आमची हळदीची आडत आहे. दोन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून गादीवर मीच बसतो. गांजा त्याच्या आधीचा. हॉस्टेलला दुसऱ्या वर्षी सुरू झाला आणि शिक्षण संपवून घरी आलो तरी सोबत आला. रोज रात्री गच्चीवर दोन जॉइंट, सौदे चालू असले की दुपारी माळ्यावर अजून एक. अशी सहा वर्षं गेली.

ऑनलाइनच का, हे आधी सांगतो. डॉक्टर जवळ नाहीत असं नाही, मिरजेला तर दवाखान्यांची रांग आहे. पण आमच्या गाडीचा नंबर अर्धं यार्ड ओळखतं. ती व्यसनमुक्तीच्या पाटीखाली एकदा दिसली असती तर दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यानं माल दुसऱ्या आडतीत उतरवला असता. आडत विश्वासावर चालते. त्यामुळं मला बंद दाराआडचं काहीतरी हवं होतं.

ॲपचं नाव इथं लिहीत नाही. समुपदेशक बदलला की सगळी सेवाच बदलते, हे मला त्या एकाच ॲपवर कळलं. पहिले गृहस्थ मिळाले ते कॅमेरा बंद ठेवून हिंदी-इंग्रजीत प्रश्नावली वाचत होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, घरच्यांना तोंड कसं दाखवता? मी फोन ठेवला. समुपदेशक बदलून मिळायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत मी आयुष्यात सगळ्यात जास्त ओढलं. धीर करून आलेल्या माणसाला नऊ दिवस ताटकळत ठेवू नये, एवढं त्या लोकांना मनापासून सांगायचंय.

दुसऱ्या मॅडम मूळच्या कराडच्या. त्यांनी आधी विचारलं, "गांजा ओढल्यावर तुम्हाला काय मिळतं, ते सांगा." सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे काय जातं तेच सांगत. मी सांगितलं, सौद्यातला आरडाओरडा रात्रीपर्यंत डोक्यात चालू राहतो, तो थांबतो. झोप लागते. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, मग या दोन गोष्टींसाठी दुसरा रस्ता शोधायचाय, नुसतं काढून घ्यायचं नाही.

आठवडाभर काहीच सोडायला सांगितलं नाही. फक्त नोंद ठेवायची : कधी, कुठं, त्याच्या आधी काय घडलं, तलफ किती होती. तलफ दहापैकी लिहायची होती. मला ते जमेना. मग मी फुटांत लिहायला लागलो. आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही माहीत असतं. मॅडमना एका ओळीत कळलं. त्या पुढच्या बैठकीपासून तेच विचारायला लागल्या, "आज पाणी किती?" मराठी येणारा माणूस आणि आपल्या नदीकाठचा माणूस, यातला फरक मला तिथं समजला.

आठवड्याच्या नोंदीत 17 जॉइंट निघाले. त्यातले 11 उधारीच्या वसुलीचा फोन झाल्यावरचे. मी सुन्न झालो. मला वाटायचं मी मजेसाठी ओढतो. मग ठरलं की वसुलीचा फोन आणि गच्ची यांच्यात 20 मिनिटं घालायची. फोन ठेवला की चप्पल घालून बाहेर पडायचं. पाणी चढतं, थांबतं आणि उतरतंही, हे पुरात पाहिलेलं होतं. अंगात तसंच होतं हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वसुलीचे फोनही संध्याकाळऐवजी सकाळी 11 ला करायला लागलो. त्यानं पैसे जास्त आले असं नाही, पण रात्र मोकळी झाली.

बैठकीची जागाही त्यांनी बदलायला लावली. मी गच्चीवरूनच बोलत होतो, म्हणजे जिथं ओढायचं तिथंच. मग मंगळवारी रात्री आठला हरिपूरच्या संगमापाशी गाडी लावून, काचा वर करून बसायला लागलो. तिथं मधेच नेटवर्क जातं, पण घरी भिंतीपलीकडं आई असते.

आधी कमी केलं. दुपारचा बंद, मग रात्रीचा एक. चौथ्या आठवड्यात पूर्ण बंद. पुढं काय होईल ते मॅडमनी तारखेसकट सांगून ठेवलं होतं. पहिल्या दोनतीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणं. पहिला आठवडा सगळ्यात जड. दोनेक आठवड्यांत बरंच उतरतं, झोप मात्र जास्त दिवस घेते. अगदी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आई ताटाकडं बघून म्हणाली, "काय झालंय रं तुला, भाकरीचा तुकडा मोडंना झालाईस." आणि स्वप्नं! रोज ओढणाऱ्याची स्वप्नाची झोप दबलेली असते, सोडलं की ती उसळून येते. मला 2019 चा पूर रोज रात्री दिसायचा, पोत्यांतून पिवळं पाणी वाहताना. हे आधी सांगितलं नसतं तर मला वेड लागतंय असं समजून मी पुन्हा ओढलं असतं.

एका रात्री दोन वाजता मॅडम मिळणार नव्हत्या. तेव्हा 14416 ला फोन केला. ही सरकारची टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र आणि फुकट. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या ताईंनी अर्धा तास न कंटाळता ऐकलं. ज्यांना बैठकीला 700 रुपये परवडत नाहीत त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मला हे आधी माहीत असतं तर मीही केली असती.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. दहा दिवसांनीही सकाळी हात शिवशिवायचे. मॅडमनी विचारलं, जॉइंटमध्ये तंबाखू मिसळायचात का? मिसळायचो. म्हणजे दोन सवयी एकाच कागदात गुंडाळल्या होत्या आणि मी एकच मोजत होतो. तंबाखूचं वेगळं धरल्यावर सकाळ हलकी झाली.

भीतीचं म्हणाल तर मलाही होती, की आपण बोललो तर पोलिसांत जाईल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं गांजा ओढणं गुन्हाच आहे. पण 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनातून येणाऱ्या मानसिक त्रासालाही धरतो आणि कलम 23 मध्ये उपचाराची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. जिवाला धोका असेल तर किंवा कोर्टानं मागितली तर, असे अपवाद आहेत. मॅडमनी पहिल्याच बैठकीत ते वाचून दाखवले. लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

ऑनलाइनला मर्यादा आहे, ती त्यांनीच दाखवली. घरात कुणाला भास होण्याचा, उगाच संशय येण्याचा आजार आहे का, असं त्यांनी विचारलं. माझ्या मामाला होता. त्यावर त्या म्हणाल्या, "मग हे फक्त स्क्रीनवर नको, एकदा समोरासमोर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा." गांजानं अशा घरातल्या माणसाचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं. मिरजेला जाऊन आलो. गाडी स्टेशनला लावली आणि पुढं रिक्षानं गेलो.

ॲपबद्दल तक्रार आहेच. मराठी समुपदेशक मोजकेच, त्यांच्या संध्याकाळच्या वेळा चटकन भरतात. सौद्यात अडकून एक बैठक चुकली, तर पैसे गेले. तालुक्यातल्या पोराला 700 रुपये म्हणजे दोन दिवसांची मजुरी आहे, याचा विचार कुणीतरी करायला हवा. मॅडमसाठी मात्र मी पाचपैकी पाच देतो.

घरातल्या एका माणसाला सांगा, असं त्या सातव्या बैठकीपासून म्हणत होत्या. तासगावच्या ताईला सांगितलं. ती रडली, मग रोज रात्री दहाला फोन करायला लागली.

मेमध्ये एका लग्नात घसरलो. जुने मित्र, मांडवामागं, तीन कश. रात्री घरी येऊन नोंद लिहिली आणि मॅडमना पाठवली. दहा बैठका कधीच संपल्या होत्या, उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सकाळी आलं : "पाणी किती होतं?"

43, मी लिहिलं.

"आणि आत्ता?"

31.

"मंगळवारी आठला बसू. पैशाचं नंतर बघू."