झेड/२८ मधलं एलएस७: ट्रॅकसाठी हेच इंजिन, पण हेड उघडून बघितल्याशिवाय नको

पाचव्या पिढीच्या कॅमेरो या स्पोर्ट्स कारमध्ये शेव्हरोलेने गिऱ्हाइकाला चांगलंच पेचात टाकलं होतं. तिच्या झेडएल१ प्रकारात ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप असलेलं) एलएसए इंजिन, ५८० अश्वशक्ती. २०१४ आणि २०१५ अशी दोनच मॉडेल वर्षं निघालेल्या झेड/२८ मध्ये ७ लिटरचं, सुपरचार्जर नसलेलं एलएस७, ५०५ अश्वशक्ती. आणि महाग होती ती ५०५ वालीच, सुमारे ७५ हजार डॉलर. एसीचे पैसे वेगळे. स्पीकर एकच, तोही सीटबेल्टची घंटी ऐकू यावी म्हणून. कागदावर सौदा आतबट्ट्याचा. पण न्युरबुर्गरिंग या जर्मनीतल्या ट्रॅकवर झेड/२८ ने ७ मिनिटं ३७.४७ सेकंदांची फेरी मारली, तीसुद्धा काही भागात पाऊस असताना, आणि झेडएल१ ला जवळजवळ चार सेकंदांनी मागे टाकलं.

कारण उष्णता आणि वजन. एलएसएचा सुपरचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते. ती थंड करायला इंटरकूलरचं वेगळं पाणी आणि त्याचा वेगळा रेडिएटर. एक झटका मारायचा असेल, म्हणजे हायवे किंवा ड्रॅग स्ट्रिप, तर हे सगळं उत्तम चालतं. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सेशनमध्ये ते पाणी तापत जातं, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकाठोक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे ओढतो आणि ५८० चा आकडा ब्रोशरमध्येच राहतो. एलएस७ मध्ये ही भानगडच नाही. पहिल्या फेरीला जे घोडे मिळतात तेच दहाव्या फेरीला. शिवाय थ्रॉटल जेवढा द्याल तेवढंच मिळतं. वळणातून बाहेर पडताना पाय मोजून दाबायचा असतो, तिथे याची खरी किंमत कळते.

वजनाचं म्हणाल तर झेड/२८ झेडएल१ पेक्षा ३०० पौंडांनी हलकी, आणि त्यातला सुपरचार्जरचा वाटा नेमका नाकावरून आणि उंचावरून गेला. एरवीही बोजड नाकाच्या या गाडीला पुढे ३०५ मिमी रुंदीचे टायर दिलेत. ते टायर काम करतात ते यामुळेच. पिरेली ट्रोफेओ आर इतके चिकटतात, की चाचण्यांत ब्रेक मारल्यावर रिम टायरच्या आत फिरायला लागली होती. रिमचा तो भाग खरखरीत करून घेतला, तेव्हा टायर जागेवर राहिला.

आता एलएस७ ची गोम. बोअर १०४.८ मिमी, स्ट्रोक १०१.६, कॉम्प्रेशन ११:१, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह, ७००० आरपीएमची लाल रेघ (त्यापुढे फिरवायचं नाही), ड्राय संप (ऑइल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत). खालचा अर्धा भाग दगडासारखा. दुखणं वर, सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ, सोडियम भरलेले. व्हॉल्व्ह गाइड (दांडी जिच्यातून सरकते ती नळी) झिजली किंवा मुळातच सीटशी (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याशी) एका रेषेत नसली, की व्हॉल्व्ह दर वेळी किंचित तिरका बसतो. प्रत्येक बंद होण्याला दांडीवर थोडा वाक येतो आणि एके दिवशी व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. मग पिस्टन, हेड, सिलिंडरची भिंत, सगळंच गेलं. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने चुकीच्या मशीनिंगचा दोष २००८ ते २०११ च्या सुरुवातीच्या हेडपुरता मानला, म्हणजे झेड/२८ त्याच्या नंतरची. तरी ट्रॅकवर पिळलेल्या गाडीत केवळ या तारखेवर विसंबू नये. इंजिन टिकटिकतं की नाही यावरून निदान होत नाही.

मोजायचंच. हेड उतरवून, गाइडच्या बोअरला वर, मध्ये आणि खाली बोअर गेज, आणि दांडीला मायक्रोमीटर. डायल गेज लावून व्हॉल्व्ह हलवून बघण्याची पद्धत लवकर उरकते, पण व्हॉल्व्ह किती उचललाय त्यावर आकडा बदलतो. गाइड आणि दांडीमधल्या फटीला (क्लिअरन्स) वापरातल्या इंजिनात मर्यादा ०.००३७ इंच, म्हणजे ०.०९४ मिमी. त्यापुढे गेलं तर ब्रॉन्झच्या गाइड बसवून सीट नव्याने, गाइडच्याच मध्यावरून कापून घ्यायची. नुसती गाइड बदलून जुनीच सीट ठेवली तर पैसे पाण्यात. एक्झॉस्टला भरीव स्टेनलेसचे व्हॉल्व्ह टाकणारे पुष्कळ आहेत. ते जड असतात, त्यामुळे स्प्रिंगही त्यांना जुळणाऱ्या घ्याव्या लागतात. नाहीतर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो, म्हणजे वेळेवर बंद होत नाही. टायटॅनियमच्या इनटेक व्हॉल्व्हचा सीटवर टेकणारा भाग मशीनवर घासू देऊ नका. वरचं कोटिंग गेलं की व्हॉल्व्ह भंगारात. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे, नवेच घ्या.

फोर्डवाले इथे शेल्बी जीटी३५० पुढे करतात आणि ते चूक नाहीत. ५.२ लिटर, फ्लॅट-प्लेन क्रँक (क्रँकचे सगळे खटके एकाच पातळीत), ५२६ अश्वशक्ती, ८२५० आरपीएम. आवाजाच्या बाबतीत एलएस७ ने मुकाट्याने बाजूला व्हावं. पण चार कॅमशाफ्टमुळे (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) इंजिन रुंद आणि उंच. एलएस७ चा एकुलता कॅम ब्लॉकच्या पोटात, म्हणून सात लिटरचं असूनही ते बसकं. शिवाय फ्लॅट-प्लेनची थरथर आहेच. २०१६ ची ट्रॅक पॅक नसलेली जीटी३५० ट्रॅकसाठी घेऊच नका; तिला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर नव्हते. पुढच्या वर्षापासून ते सरसकट मिळू लागले.

कोणी जनरल मोटर्सचंच एलटी४ इंजिन घालायचं सुचवेल, ६५० अश्वशक्ती. छान इंजिन, पण तो परत सुपरचार्जरच. वरचा सगळा गरम हवेचा पाढा पहिल्यापासून. १९६७ च्या मूळ झेड/२८ मध्येही ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेसाठी मुद्दाम ३०२ घनइंचांचं छोटं इंजिन घातलं होतं. त्या घराण्यात सगळ्यात मोठा आकडा हा मुद्दा कधीच नव्हता.

वापरलेली घेणार असाल तर हेडच्या कामाची पावती मागा, नुसतं ‘फिक्स केलंय’ चालणार नाही. त्यावर दर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स लिहिलेलं हवं. पेट्रोल ९३ ऑक्टेनचं, म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९८. ऑइल थंड इंजिनवर बघू नका, ड्राय संपमध्ये पातळी चुकीची दिसते: पूर्ण गरम करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग टाकीतली डिपस्टिक. कार्बन-सिरॅमिक डिस्कची जाडी मोजून भागत नाही, ती काढून वजन करावी लागते. किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं, आणि विकणारा डिस्क काढू देत नसेल तर चारही डिस्कचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला.