पार्किन्सन्समध्ये हाताला काय द्यायचं: माती, रंग की क्रोशा?

घरात कुणाला पार्किन्सन्स असेल आणि त्यांच्यासाठी काहीतरी कला सुरू करायची असेल तर आपण बहुतेक वेळा "सोपं काय" तेच बघतो, मग लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणि खडू घरी येतात आणि ज्या माणसाने आयुष्यभर घर, नोकरी सगळं सांभाळलं त्याला ते अपमानासारखं वाटतं. मी सासूबाईंची शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारी आहे, त्यामुळे हे जवळून बघितलंय. सोपं-अवघड नंतर बघा, आधी त्रास कशाचा जास्त आहे ते बघा, कंपाचा की ताठरपणा आणि मंदपणाचा.

ताठरपणा जास्त असेल तर मी आधी माती सांगेन. पार्किन्सन्स बहुतेकदा शरीराच्या एका बाजूने सुरू होतो आणि तो हात हळूहळू कामातून बाजूलाच पडतो, चित्र काढताना चांगला हातच सगळं करून टाकतो, पण मातीला दोन्ही हात लागतातच. लांब वळ्या करायच्या, त्या एकावर एक रचून पणती, वाटी, छोटी कुंडी करायची, यात तळहात पूर्ण उघडतो, फिजिओथेरपिस्ट मोठ्या हालचाली करा म्हणून सांगतात तेच होतं आणि व्यायाम करतोय असं वाटतही नाही. शिवाय मातीत चूक अशी नसतेच, दाबलं की परत सुरुवात. शाडू गणपतीच्या आधी सगळीकडे मिळते, पण ती घट्ट असेल तर ताठ बोटांना झेपत नाही, कोमट पाण्यात भिजवून कणकेइतकी मऊ करून द्या, थंडीत तर नक्कीच. तोटा म्हणजे पसारा, आणि त्याहून मोठा म्हणजे ओल्या मातीचा पाय टाइल्सवर सटकतो. पडणं हा या आजारातला खरा धोका आहे, त्यामुळे त्या उठायच्या आधी फरशी पुसलेली पाहिजे आणि ते काम आपलं, हे धरूनच ठरवा.

कंप जास्त असेल तर रंग. हे ऐकून लोक दचकतात, थरथरत्या हाताने चित्र कसं काढणार? पण पार्किन्सन्सचा कंप हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना जास्त असतो, हाताने काही करायला घेतलं की बऱ्याच जणांचा कमी होतो (सगळ्यांचा नाही, काहींचा काम करतानाही राहतो). रंगकामात खरी अडचण वेगळीच येते, अक्षर जसं बारीक होत जातं, बँकेत सही जुळत नाही, तसंच चित्रही आक्रसत जातं. म्हणून छोटी वही नको, मोठा कागद घ्या, ड्रॉइंग बोर्डला लावून तिरका उभा करा म्हणजे खांद्यापासून हात हलतो. ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळून जाड करा, पाणी काचेच्या ग्लासात नको, बसक्या जड वाडग्यात ठेवा. आणि ऑइल पेंट, टर्पेंटाइन नकोच, कारण पार्किन्सन्समध्ये वास येणं बऱ्याचदा आधीच गेलेलं असतं, खोलीत वाफ भरली तरी कळत नाही. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक पुरे.

काय काढायचं म्हणाल तर वारली. गोल, रेघ, दोन त्रिकोण टोकाला जोडले की माणूस उभा राहतो. गेरू लावलेल्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने आकृत्या मोठ्या काढायच्या, रेघ थोडी हलली तरी बिघडत नाही. पालघरच्या पाड्यांवर भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तिथल्या रेघा कुठे पट्टीने आखलेल्या असतात. आमच्याकडे तारपा नाचाचं चित्र अर्धवट राहिलं होतं, मी आवरायला घेतलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं राहू दे ते तिथेच, संध्याकाळी दोन बायका अजून नाचवते." तेव्हापासून त्यांचं टेबल मी आवरत नाही.

दोन्ही त्रास सारखेच असतील तर मी रंगांपासूनच सुरू करेन, कारण पाच मिनिटांत थांबता येतं आणि आवराआवर कमी.

क्रोशा ज्यांना आधी येत होता त्यांच्यासाठी उत्तम. जाड लोकर, जाड सुई, टाके मोजत केलं की त्या लयीने हात चालत राहतो. नव्याने शिकायला मात्र नको, राग येतो. रांगोळी जमिनीवर वाकून नको, बराच वेळ खाली बसून एकदम उठलं की बीपी उतरून चक्कर येते, टेबलावर ट्रेमध्ये काढा, चिमटीतून सुटत नसेल तर रांगोळीचा पेन घ्या. ओरिगामीला अचूक घड्या लागतात, मी तरी सुरुवातीला देणार नाही.

काहीही निवडलं तरी वेळ गोळीप्रमाणे ठरवा. सिंडोपाचा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) असर चढलेला असताना जो हात मजेत चालतो तोच पुढच्या डोसच्या आधी हलत नाही, आणि त्या वेळी "करा ना, करा ना" म्हटलं की त्यांना वाटतं आपल्याला काही येतच नाही. आपण शेजारी बसून आपलं काहीतरी करत राहावं, त्याने जास्त फरक पडतो.

एक गोष्ट डॉक्टरांशी बोलायची. तेल अवीवच्या न्यूरॉलॉजिस्ट रिव्का इन्झेलबर्ग यांनी बघितलं की उपचार सुरू झाल्यावर काही पेशंटमध्ये चित्रकला, लेखन यांची ओढ नव्याने जागी होते. यात आनंदच आहे, पण प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोलसारख्या पार्किन्सन्सच्याच गोळ्यांवर कधीकधी ती ओढ आवरत नाही, रात्र रात्र जागून तेच ते करणं, सामानावर वाटेल तसा खर्च, जेवण विसरणं. असं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा, डोस ते बघतील, गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि रंगही काढून घेऊ नका. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला एकदा त्यांना घेऊन जा, तिथे हाच आजार असलेली माणसं भेटतात आणि हात कसा चालतो, कधी चालत नाही हे त्यांच्याशी बोलताना संकोच वाटत नाही.