नवं कर्ज की थकलेली येणी?

रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट चालवणाऱ्या मेहुण्याचा प्रश्न: बसलेला धंदा उभा करायला आणखी कर्ज काढू, की अडकलेले पैसे आधी सोडवू?

खर्च पाहा. कर्जाचं व्याज लगेच सुरू. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत. उलट 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हा हक्क कितीजण वापरतात? जुनं गिऱ्हाईक दुखावेल ही भीती असते, आणि ती खोटी नाही.

पैसे हाती येण्याचा वेग मात्र कर्जाचा जास्त.

ऑर्डर हातात आहे, फक्त पत्रा घ्यायला पैसे नाहीत, तर कर्ज घे. ऑर्डरच आटल्या असतील तर आधी येणी वसूल कर, तोट्यातली कामं सोड. कामगारांचे पगार मात्र दोन्हीकडे पहिले.