वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेस : बसवण्यापासून रोजच्या वापरापर्यंतचा अनुभव

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावातले, ‘ब’ वर्गाचे. नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेच्या सूचना, वर्गणीचे दर आणि जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे एवढेच संकेतस्थळावर हवे होते, आणि हा मजकूर कार्यकारिणीतील कोणालाही संगणकतज्ज्ञाची वाट न पाहता बदलता यावा, ही मुख्य अट होती. गेल्या दिवाळीपासून हे संकेतस्थळ वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळ उभारून त्यातला मजकूर ब्राउझरमधूनच बदलू देणाऱ्या प्रणालीवर, एका सामायिक होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) चालू आहे. ते बसवणे आणि सांभाळणे या दोन्ही गोष्टी माझ्याकडे असल्याने हा अनुभव लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: वर्डप्रेस बसवायला अर्धा तास पुरतो, परंतु त्या अर्ध्या तासात आणि त्यानंतरच्या आठवड्यात केलेल्या मांडणीवर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि मराठी संकेतस्थळाला नेमके काय लागते याची नोंद इंग्रजी मार्गदर्शिकांत क्वचितच सापडते.

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आधीच्या एका मुक्त प्रणालीवरून घडवले. ते आजही जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळते. पैसे लागतात ते डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, आणि होस्टिंगचे. ‘डॉट कॉम’वर मिळते ती तयार सेवा आणि ‘डॉट ऑर्ग’वरून उतरवून घ्यायची ती प्रणाली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ही दुसरी घेतली, कारण माहितीसाठा आपल्या ताब्यात राहतो आणि होस्टिंग बदलले तरी तो उचलून नेता येतो.

होस्टिंग निवडताना जाहिरातीतल्या ‘अमर्याद’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून अटींचे पान वाचावे. साठवणुकीची जागा खरोखरच भरपूर असते, मर्यादा असते ती फाइलींच्या संख्येवर, आणि एकटे वर्डप्रेसच काही हजार फाइलींचे असते. सर्व्हर भारतात आहे का, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या संगणकभाषेत लिहिलेले आहे तिची) आवृत्ती स्वतः बदलता येते का आणि संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे मोफत एसएसएल प्रमाणपत्र आपोआप नूतन होते का, या तीन गोष्टी मी विचारून घेतल्या. तरीही आमच्या खात्यावर सुरुवातीला पीएचपी ७.४ लावलेले निघाले. या आवृत्तीसाठीच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या आहेत. सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून, आवृत्ती बदलणे दोन मिनिटांचे काम आहे, मात्र ते वर्डप्रेस बसवण्यापूर्वी केलेले बरे.

बहुतेक होस्टिंगवर एका क्लिकमध्ये वर्डप्रेस बसवण्याची सोय असते. मी ते हाताने बसवले, आणि इतरांनीही निदान एकदा तसे करावे, असे मला वाटते. कारण कोणती गोष्ट कुठे असते हे त्यामुळे कळते. सीपॅनेलमध्ये आधी डेटाबेस (संकेतस्थळाचा मजकूर जिथे साठतो तो माहितीसाठा) तयार करायचा, मग त्यासाठी वेगळा वापरकर्ता, मग त्या वापरकर्त्याला त्या डेटाबेसवरचे सर्व अधिकार. दोन्ही नावांच्या आधी खात्याचे नाव आपोआप जोडले जाते, आणि पुढे माहिती भरताना ते संपूर्ण नाव लिहावे लागते. ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ हा सुप्रसिद्ध संदेश पुष्कळदा एवढ्यामुळेच दिसतो. झिप फाइल उलगडल्यावर सर्व काही ‘वर्डप्रेस’ नावाच्या फोल्डरमध्ये पडते. त्यातील मजकूर एक पायरी वर, पब्लिक-एचटीएमएल या संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरमध्ये हलवला नाही, तर संकेतस्थळाच्या पत्त्यामागे ते नाव चिकटते. यानंतर ब्राउझरमध्ये पत्ता उघडला की भाषांची यादी येते आणि तीत मराठी आहे. डेटाबेसमधल्या तक्त्यांच्या नावांचा ठरीव उपसर्ग बदलावा आणि मुख्य वापरकर्त्याचे नाव ‘ॲडमिन’ ठेवू नये, एवढे पथ्य पुरे.

मराठी निवडल्यावर नियंत्रणफलक बहुतांशी मराठीत येतो, प्लगिनांचे, म्हणजे वरून जोडायच्या सोयींचे, पडदे मात्र बहुधा इंग्रजीतच राहतात. प्रत्येक वापरकर्त्याला आपापली भाषा निवडता येते, ही सोय २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंचा फलक मराठीत आहे आणि माझा इंग्रजीत, कारण अडचण आली की उत्तरे इंग्रजी संज्ञांनीच शोधावी लागतात. मराठी निवडीचा आणखी एक फायदा असा की पानाची भाषा मराठी म्हणून नोंदली जाते आणि ज्या फाँटांत तशी सोय आहे, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. महिन्यांची नावेही मराठीत येतात. तारखेतले अंक मात्र इंग्रजीच राहतात आणि ते डोळ्यांना खटकते.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो लेखांच्या पत्त्यांचा. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवते आणि त्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी शीर्षकाला ती कधी जाणवत नाही. देवनागरीचे मात्र प्रत्येक चिन्ह, काना, वेलांटी आणि हलन्त सुटे मोजून, साठवताना टक्केचिन्हांसह नऊ रोमन चिन्हांचे होते; म्हणजे देवनागरीच्या जेमतेम बावीस चिन्हांत मर्यादा संपते. ‘वाचनालयाच्या शतकमहोत्सवी वर्षानिमित्त ग्रंथदिंडी’ या शीर्षकाचा पत्ता ‘वाचनालयाच्या-शतकमहोत्सव’ इथे तुटतो. त्याच वर्षातील व्याख्यानांची सूचना तशाच शब्दांनी सुरू झाली, तर पत्ता वेगळा करण्यासाठी शेवटी दोनचा आकडा जोडावा लागतो, त्याला जागा करून देण्यासाठी आणखी एक अक्षर जाते आणि उरतो ‘शतकमहोत्स’. शिवाय असा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांना तो दुवा फसवा वाटतो. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक लेखाचा पत्ता प्रकाशित करण्यापूर्वी रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत हाताने लिहायचा. नव्या स्थापनेत पत्त्यात वर्ष, महिना आणि दिवसही येतात. ते मी काढून टाकले, कारण वर्गणीच्या दरांची सूचना तारखेविना राहिलेली चांगली. ही रचना पहिला लेख टाकण्यापूर्वीच ठरवावी. नंतर बदलली तर आधी पाठवलेले दुवे तुटण्याचा धोका असतो.

रूप देणाऱ्या थीम बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. आमच्या थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत थोडे अंतर सोडलेले होते. इंग्रजीत ते ऐटदार दिसते, मराठीत शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतरही कमी असल्याने दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत अडकत होते. ‘अतिरिक्त सीएसएस’ या रूपाचे नियम लिहायच्या जागेत अक्षरांतर शून्य केले, ओळीची उंची वाढवली आणि ‘मुक्ता’ हा फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवला. थीम निवडताना तिचे नमुनापान पाहून भुलू नये. त्यात आपला मराठी मजकूर, जोडाक्षरांसह, घालून पाहावा.

जुन्या मजकुराचे प्रकरण निराळे. वाचनालयाचे अहवाल युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीपूर्वीच्या फाँटांत टंकलेले होते आणि ते चिकटवल्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसत असे. परिवर्तकाने बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आला, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बऱ्याच ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. ते शुद्धलेखन-तपासणीचे काम बाईंनी आणि दोन निवृत्त शिक्षकांनी केले, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

अंगभूत शोध मराठीसाठी अपुरा आहे. तो अक्षरांचा क्रम जुळवतो, शब्दाची रूपे ओळखत नाही. ‘पुस्तक’ शोधल्यावर ‘पुस्तकांची’ सापडते, परंतु ‘कादंबरी’ शोधणाऱ्याला ‘कादंबऱ्या’ सापडत नाहीत आणि ‘वाडा’ शोधणाऱ्याला ‘वाड्यातील’ हे रूप मिळत नाही. आम्ही वर्ग आणि टॅग नीट लावून वेळ निभावतो. पुस्तकांची देवघेव आणि सूची यांसाठी मात्र वर्डप्रेस वापरू नये. ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ यांसारख्या ग्रंथालय-प्रणाली त्यासाठीच आहेत.

छायाचित्रांकडे वेळीच लक्ष द्यावे. मोबाइलवर काढलेले चार हजार पिक्सेल रुंदीचे एक छायाचित्र चढवले की वर्डप्रेस त्याची १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ आणि २५६० पिक्सेलची रूपे तयार करते. मूळ धरून आठ फाइली होतात, आणि थीमची स्वतःची मापे असतील तर आणखी. ग्रंथदिंडीची शंभर छायाचित्रे म्हणजे आठशे फाइली. वर सांगितलेल्या फाइलींच्या संख्येच्या मर्यादेशी इथे गाठ पडते. आता आम्ही चढवण्यापूर्वी रुंदी १२०० पिक्सेलवर आणतो. त्यामुळे पाचच फाइली होतात आणि पान मोबाइलवर लवकर उघडते.

वेळापत्रकाने प्रकाशन ही सोय मला फार उपयोगी वाटते, पण तिच्या दोन अटी आहेत. पहिली, स्थापनेनंतर वेळक्षेत्र ‘कोलकाता’ करून घ्यावे, नाहीतर सकाळी सातची सूचना दुपारी साडेबाराला येते. दुसरी अट कमी जणांना ठाऊक असते: वर्डप्रेसचे अंतर्गत घड्याळ कोणीतरी पान उघडल्यावरच चालते. गर्दीच्या संकेतस्थळावर हे कळत नाही. आमच्याकडे पहाटेपासून कोणी फिरकले नाही, तर सूचना तशीच अडून राहते. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ते घड्याळ बंद करून सीपॅनेलच्या क्रॉन जॉब या ठरावीक वेळी काम करणाऱ्या सोयीतून दर पंधरा मिनिटांनी हाक देण्याची व्यवस्था केली. तेव्हापासून तक्रार नाही.

सभासदत्वाच्या चौकशीचा अर्ज भरल्यावर येणारी ईमेल सुरुवातीला स्पॅममध्ये जात असे. सामायिक सर्व्हरवरून थेट गेलेल्या ईमेलवर मोठ्या सेवा विश्वास ठेवत नाहीत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम अधिक कडक केले आहेत. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी घालून ईमेल एसएमटीपीमार्गे, म्हणजे ईमेल-खात्यात रीतसर प्रवेश करून, पाठवल्यावर प्रश्न मिटला.

वापरकर्त्यांच्या भूमिका ठरवताना एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘कॉन्ट्रिब्युटर’ या भूमिकेत मजकूर लिहिता येतो, पण प्रकाशित करता येत नाही आणि छायाचित्रही चढवता येत नाही. लिहिणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना आम्ही ती भूमिका दिली आहे. छायाचित्रे बाई जोडतात, कारण त्यांना संपादकाचे अधिकार आहेत. ठोकळ्यांवर चालणारा लेखन-संपादक २०१८ च्या ५.० आवृत्तीत आला. बाईंना तो आठवडाभरात जमला. परिच्छेद ओढून वर-खाली करणे त्यांना आवडते, फक्त एंटर दाबले की नवा ठोकळा तयार होतो याची त्यांना अजूनही चीड येते.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळून चालत नाही. किरकोळ सुरक्षा-आवृत्त्या आपोआप बसतात; प्लगिनांचे अद्यतन मी महिन्यातून दोनदा स्वतः पाहतो आणि प्लगिने मोजकीच ठेवली आहेत. होस्टिंगवाल्यांची प्रतिलिपी असतेच, पण तिच्यावर विसंबत नाही. डेटाबेस आणि मजकुराचे फोल्डर या दोन्हींची प्रत दर आठवड्याला वाचनालयाच्या संगणकावर उतरते, आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते का, हे मी तिथेच एक्सएएमपीपी या संगणकावरच सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीवर तपासून घेतले आहे. जी प्रत उलगडून पाहिलेली नाही, तिचा भरवसा मी धरत नाही.

खर्चाबाबत संस्थांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या मुदतीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत मोठी तफावत असते, आणि वर अठरा टक्के जीएसटी लागतो. अंदाजपत्रकात नूतनीकरणाचाच आकडा धरावा. डोमेन एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावाने न घेता संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घ्यावे, कारण कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते. आमच्याकडे डोमेन, होस्टिंग आणि प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांच्या कपाटात आहे, आणि मुदत संपण्याच्या तारखा बँकेच्या ठेवींच्या नोंदवहीतच लिहिलेल्या आहेत.