अझेलिक ॲसिड १५ टक्के जेल: लाली आणि पुरळ दोन्ही असलेल्या नाजूक चेहऱ्यासाठी

नाकावर, गालांवर, हनुवटीवर लाली आहे, त्यातच बारीक पुटकुळ्या उठतात आणि मुरमांचं कुठलंही क्रीम लावलं की चेहऱ्याची आग होते. अशा त्वचेसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या औषधांपैकी सर्वांत आधी विचार करावा तो अझेलिक ॲसिडच्या १५ टक्के जेलचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हे औषध संथ आहे आणि पहिले दोन आठवडे झोंबतं. बरेच जण नेमकं तेव्हाच ते सोडून देतात आणि ट्यूब कपाटात पडून राहते. औषधात दम नाही म्हणून असं होत नाही, लावायची पद्धत कुणी सांगितलेली नसते म्हणून होतं.

अझेलिक ॲसिड गहू, बार्ली यांसारख्या धान्यांत निसर्गतः सापडतं. औषध म्हणून ते तीन कामं करतं. मुरमांतले जिवाणू कमी करतं, रोमछिद्रांची तोंडं बुजू देत नाही आणि त्वचेतली दाहाची प्रक्रिया शांत करतं. लाली ओसरते ती या तिसऱ्या कामामुळे. अमेरिकेत २०% क्रीमला मुरमांसाठी १९९५ मध्ये आणि १५% जेलला रोझेशियासाठी, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणाऱ्या दाहक त्वचाविकारासाठी, २००२ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे औषध चांगलं मुरलेलं आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला आणखी एक फायदा होतो. पुटकुळी बसल्यावर मागे राहणारा काळा डाग यामुळे फिका पडत जातो. गरोदरपणातही बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ हे सुरक्षित मानतात, पण त्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ट्यूब घेण्याआधी लाली कशाची आहे हे बघणं जास्त महत्त्वाचं. गोऱ्या चेहऱ्यावर रोझेशिया टोमॅटोसारखा लाल दिसतो, सावळ्या चेहऱ्यावर तो तपकिरी, काळपट छटेचा दिसतो आणि ‘टॅनिंग झालंय’ म्हणून सोडून दिला जातो. अशा वेळी रंगापेक्षा लक्षणं विचारावीत. उन्हातून आल्यावर, गरम चहा प्यायल्यावर, तिखट खाल्ल्यावर चेहरा तापल्यासारखा होतो का? साधं मॉइश्चरायझरही झोंबतं का? पुटकुळ्या आहेत पण ब्लॅकहेड्स जवळपास नाहीत, असं आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर रोझेशियाची शक्यता मोठी. भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या आणि केसांच्या कडेला लालसर, तेलकट खपल्या असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस असू शकतो आणि त्याला बुरशीविरोधी क्रीम लागतं. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाज येणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर त्याही बुरशीच्या असू शकतात. आपल्याकडच्या घामट हवेत त्या सर्रास दिसतात. गोल कडेचा, पसरत जाणारा, खाजरा चट्टा म्हणजे गजकर्ण असू शकतं. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल पट्टा आला आहे, नाकाशेजारच्या घड्या मात्र कोऱ्या आहेत आणि सोबत सांधे दुखतात किंवा ताप येतो, तर जेल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं.

आपल्याकडे बरंच दिसणारं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे स्टेरॉइडची मलमं. गोरं होण्यासाठी, डाग घालवण्यासाठी, कधी शेजारणीने सांगितलं म्हणून ती चेहऱ्यावर लावली जातात. दोन-तीन दिवसांत चेहरा साफ होतो, म्हणून विश्वास बसतो. महिन्याभराने मलम थांबवलं की आधीपेक्षा जास्त लाली, आग आणि पुरळ येतं, मग पुन्हा तेच मलम लावलं जातं. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही घरात जुन्या ट्यूबा असतातच. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एक जरी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशी ट्यूब महिनोन् महिने लावली असेल तर ती कशी बंद करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्या भडक्यात अझेलिक जेल लावलं तर आग असह्य होते आणि दोष जेलला जातो.

आता लावायचं कसं. जेल पांढरं, दाट असतं आणि बोटावर घेतलं तर ओघळत नाही. ओल्या चेहऱ्यावर ते जास्त आत जातं आणि जास्त झोंबतं. म्हणून चेहरा साबण नसलेल्या, फेस न होणाऱ्या क्लेन्झरने आणि कोमट पाण्याने धुवायचा, मऊ सुती कापडाने टिपायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. त्यानंतर साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर पातळ लावून पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि मग वाटाण्याएवढं जेल पाच ठिपक्यांत लावायचं. एक कपाळावर, दोन्ही गालांवर एकेक, एक नाकावर, एक हनुवटीवर. पसरताना घासायचं नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे वगळायचे, कारण सगळ्यात आधी सोलतं ते तिथेच.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, फक्त रात्री. नंतर रोज रात्री. बॉक्सवर दिवसातून दोनदा लिहिलेलं असतं, पण बऱ्याच नाजूक चेहऱ्यांना रोज एकदाच पुरतं. त्वचा महिनाभर शांत राहिली तरच सकाळचा हात वाढवावा. लावल्यावर पाच-दहा मिनिटांत मुंग्या चालल्यासारखी खाज सुटते आणि साधारण वीस मिनिटांत बसते. इतकं चालतं, दोन-तीन आठवड्यांत ते कमी होत जातं. तासभर आग राहिली, सूज आली किंवा सकाळी चेहरा खरबरीत आणि लाल असेल तर तीन-चार रात्री फक्त मॉइश्चरायझर लावायचं आणि मग दोन दिवसांआड सुरू करायचं. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी तीन रात्री जबड्याच्या खालच्या कडेला एका ठिकाणी लावून बघावं. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण दमा वाढल्याच्या नोंदी आहेत. सावळ्या त्वचेवर एखादा भाग अवाजवी फिका पडतोय का, याकडेही लक्ष ठेवावं.

जेलवर लगेच सनस्क्रीन चोळलं तर पांढऱ्या वळ्या निघतात, अगदी खोडरबरच्या चुऱ्यासारख्या. बरेच जण याला ‘जेल खराब निघालं’ म्हणतात. जेल जास्त घेतलं किंवा ते सुकू दिलं नाही की असं होतं. सकाळी लावायचं असेल तर थोडंसं घ्या, दहा मिनिटं जाऊ द्या आणि सनस्क्रीन चोळण्याऐवजी थोपटून लावा.

ठाण्या-नवी मुंबईची हवा या औषधाला फारशी सोयीची नाही, हे मान्य करायला हवं. सकाळी जेल लावून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत घाम फुटला की खाज पुन्हा उठते. मार्च ते जून सकाळचा हात सरळ बंद ठेवावा. ऐरोली, महापे भागातल्या ऑफिसांत उलटा त्रास. रस्त्यावरच्या उकाड्यातून थेट थंडगार एसीत गेलं की चेहरा आधी भडकतो आणि मग दिवसभर कोरडा पडतो. बसायची जागा एसीच्या झोतासमोर नसावी आणि दुपारी मॉइश्चरायझरचा एक पातळ हात द्यावा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. सावळ्या चेहऱ्यावर झिंकची पांढरट झाक राहते, त्यासाठी त्वचेच्या रंगछटेचं (टिंटेड) घ्यावं, त्याने लालीही झाकली जाते. उन्हाने लाली वाढत असेल तर सनस्क्रीनशिवाय नुसत्या जेलवर पैसे घालू नयेत.

पर्यायांचं थोडक्यात सांगतो. मेट्रोनिडाझोल जेल जास्त सौम्य आहे, पण डागांवर काही करत नाही. पुटकुळ्या जास्त असलेल्या रोझेशियात १% आयव्हरमेक्टिन क्रीम उत्तम आणि झोंबतंही कमी. बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरमांवर जोरकस आहे, पण लाल चेहऱ्याला बहुधा सोसत नाही, शिवाय टॉवेल आणि उशीचे अभ्रे विटवतं. ऑनलाइन मिळणारी १०% अझेलिकची कॉस्मेटिक क्रीमं सुरुवातीला ठीक, पण काहींत सिलिकोन इतकं असतं की आपल्या दमट हवेत चेहरा चिकट वाटतो. अझीडर्मसारख्या नावाने मिळणारं २०% क्रीम आकड्याने मोठं असलं तरी १५% जेलमधून औषध त्वचेत जास्त पोहोचतं, त्यामुळे टक्का बघून फसू नये. नायसिनामाइड (जीवनसत्त्व बी३चा प्रकार) लावायचंच असेल तर चार-पाच टक्के पुरे. १० टक्क्यांनी नाजूक चेहरा उलट तापतो.

जेल सुरू असताना लिंबू, टूथपेस्ट, वाफ, स्क्रब, ब्लीच आणि पार्लरचं फेशियल बंद. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला उटणं हातापायाला लावा, चेहऱ्याला नको. त्यातली भरड पूड आणि सुगंधी द्रव्यं या त्वचेला दोन मिनिटांत भडकवतात. घरच्या मंडळींना हे पटवणं अवघड जातं, पण एवढ्या एका बाबतीत ठाम राहावं.

फरक कधी दिसतो? पुटकुळ्या चार ते सहा आठवड्यांत कमी होऊ लागतात, लालीला आठ ते बारा आठवडे लागतात, डागांना त्याहून जास्त. दर रविवारी सकाळी, चेहरा धुऊन अर्ध्या तासाने, त्याच खिडकीपाशी फोटो काढावा, नाहीतर फरक लक्षात येत नाही. नाकाच्या बाजूला दिसणाऱ्या लाल रेषा, म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, याने जात नाहीत, त्यांना लेझर लागतं. अचानक चेहरा तापून लाल होण्याचे झटकेही फारसे कमी होत नाहीत. हे दोन अपेक्षाभंग आधीच माहीत असावेत.

वाटाण्याएवढं, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, रोज एकदा या हिशेबाने १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते. पहिल्यांदा छोटीच घ्यावी. बारा आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर चौथी ट्यूब घेऊ नका, निदान पुन्हा तपासून घ्या. डोळे लाल होत असतील, खुपत असतील किंवा पापण्यांच्या कडा सुजत असतील तर तेवढीही वाट पाहू नये, रोझेशिया डोळ्यांतही जातो. खासगी फी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, नेरुळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयातही आहे. जाताना गेल्या वर्षभरात चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि त्या दिवशी चेहऱ्याला काहीही लावू नका.