जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस: २३० की २४५ (हॉर्सपॉवर)?

दोन्हींत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. २०१७ च्या २३० ला सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ३५० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद. २०२० च्या २४५ ला सात गिअर, ३७० एनएम. खरा फरक आंबा घाटात कळतो. अरुंद वळणातून निघताना जोरात ॲक्सिलरेटर दाबला की २३० चं आतलं पुढचं चाक जागीच फिरू लागतं. २४५ चं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल ती ताकद बाहेरच्या चाकाला देतं. बजेट पुरत असेल तर २४५च घ्या. मात्र वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाऊसिंग प्लॅस्टिकचं आहे, उष्णतेनं वाकून कूलंट झिरपतं; इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. २३० च्या डीएसजीचं तेल दर ६०,००० किमीला बदलल्याची बिलं नसतील, तर गाडी कितीही चकाचक असो, सोडून द्या.